आठ हातांची रेघ

सोळाच्या सोळा बत्त्या मी अजीजच्या टेबलावर ओतल्या. पिशवी उलटी करून झटकलीसुद्धा, तळाला एखादी राहायला नको.

"मोज," मी म्हटलं. "नंतर म्हनशील, सरस्वतीबाईनं एक ठिवून घेतली."

अजीजने तारांच्या जोडांना डाग द्यायची गरम सळई बाजूला ठेवली. कपाळाला बांधायच्या पट्ट्यांचा टेबलावर नुसता गुंता झाला होता.

"काय झालं, अक्का? परवाच तर नेल्या की."

"परवा नेल्या न आज आनल्या. ह्या बत्त्या हाईत का काजवे? काल सकाळी नवाची एसटी आली तवा एक कोठीघरात खुंटीला लावली. बाराला बघते तर मेलेली. सांजच्याला दुसरी लावली. तिनं तेवढाबी दम काढला न्हाई. फडात माझी मानसं काय काड्या पेटवून ऊस तोडनार का?"

दुकानात बाकावर त्रिंबक बसला होता. आमच्याच शिवारातला, हातात लांब स्टीलची बॅटरी. तो म्हणाला, "माझीबी तशीच हाय, अक्का. पाणी धराया गेलतो, निम्म्या वाफ्यात बसली. मी म्हनलं, सेलच आजकाल भुसा येत असतील." मग त्याने एकदा अजीजकडे आणि एकदा माझ्या ढिगाकडे बघितलं आणि उठला. "राहू द्या, अजीजभाई. नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानातून डबापॅक घेतो आता."

तो गेला. अजीज टेबलावरच्या पट्ट्या उगीच सरळ करत राहिला.

बोलून पस्तावण्याची मला सवय नाही. पण गिऱ्हाइकासमोर ओरडले ते मला लागलं. युसूफ वडगाव ह्या आमच्या बाजाराच्या गावात ह्या माणसाने तीस वर्षं घालवली, आणि इतक्या वर्षांत त्याची बत्ती कोणी परत आणली नव्हती. पहिली परत आणणारी मी.

माझंही त्या बत्त्यांवर अडलेलं होतं. आठ दिवसांनी टोळी निघायची होती, कारखान्याला. माझा मुलगा युवराज मुकादम. आठ कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या आठ जोड्या, सोळा माणसं. दिवस उगवायच्या आत कामाला लागायचं, हातात कोयता, कपाळाला बत्ती. टोळी राहते त्या पाचटाच्या कोपीत वीज नसते. बत्त्या चार्ज करायला गावात जावं लागतं, आणि ते दोन दिवसांआड जमलं तर जमलं. म्हणून बत्तीने दहा तास दिलेच पाहिजेत. तीन तास देणारी बत्ती दुसऱ्या दिवशी पहाटे विझते, आणि अंधारात कोयता ऊस आणि बोट वेगळं धरत नाही.

युवराजला डबापॅक बत्त्याच हव्या होत्या. डब्यावर पाच हजार असा आकडा छापलेला. मी विचारलं, "पाच हजार काय? तास? रुपये? का मेलेले किडे?" त्याला सांगता येईना. मग मी सांगितलं, टोळीच्या बत्त्या अजीजच्याच. माझ्या घरात माझा शब्द चालतो. आता त्या शब्दावरच तीन तासांची बत्ती लटकली होती.

"अक्का, उजेड बघितला का तुमी?" अजीज म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "असला उजेड आख्ख्या केज तालुक्यात कुनी देत असंल तर दाखवा."

"बघितला की. मंगलनं कपाळाला लावली तर डालीतली कोंबडी दिस उगवला म्हनून बाहीर आली. एवढा उजेड काय चाटायचाय का मला?"

अजीजला हसू आलं. मला बरं वाटलं. मंगल म्हणजे माझी सून, युवराजची बायको, त्या सोळांतली एक.

"तूच मला शिकवलंस ना," मी म्हटलं, "उजेड न टाईम ह्या दोघी जावा हाईत म्हनून? भाकरीची टोपली एकच. एकीच्या ताटात जास्ती वाढलं का दुसरीला कमी पडतं. मग मोठ्या जावेला एवढं वाढलंस कावून?"

"मी वाढलंच न्हाई."

"मग टोपली ल्हान झाली का?"

"सेल तेच हाईत, लिथियमचे. एकेक तपासून घातलाय. दोन-दोन सेल घालायचे तर घालतो, पन वजन वाढतं. चार दिसात मंगल म्हनंल, मान गेली." त्याने एक बत्ती उचलली आणि बोटांनी चाचपली. "माप तेच हाय, अक्का. पहिल्या दिसापासनं तेच माप. चला आत, दाखवतो."

त्याचं माप मला माहीत होतं, कारण ते आमच्या मालकांसमोर, म्हणजे आता फड सोडून घरी बसलेल्या युवराजच्या वडलांसमोर, ठरलं होतं.

अजीजचा बाप लग्नावरातींना गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा. बाप गेला, गॅसबत्त्याही गेल्या, आणि पोराने बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तेव्हा बॅटरी म्हणजे पितळी नळकांडं, तीन सेल आणि पिवळा बल्ब. आमचे मालक असलीच एक घेऊन फडावर जायचे, आणि पंधरा दिवसांत सेल पाणी सोडायचे. पुढे एलईडी आला. अजीजने त्याच नळकांड्यातला बल्ब काढला, नवा दिवा बसवला, आणि म्हणाला, "मालक, आता ह्याच सेलवर महिनाभर जाऊन या." महिना गेला आणि वर आठ दिवस. तेव्हापासून आमच्या घरात अजीजशिवाय कोणाच्या बत्तीला हात लागला नाही.

पण पहिल्यांदा बसवताना प्रश्न आला, उजेड किती ठेवायचा? मालक म्हणाले, "फडात म्होरल्या मानसापासून मी आठ हात लांब. तेवढं दिसलं का बास. त्याच्याम्होरं बघून काय करू?" अजीजने मागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला चुना लावला, चुन्यावर कॅलेंडर टांगलं. आठ हात मोजून जमिनीवर तांबडी रेघ मारली. बैलांच्या शिंगांना लावायचा रंग उरला होता, तो मीच घरून दिला होता. रेघेवर एक लाकडी घोडी ठेवली, तिच्यावर बत्ती. शेजारी फिरकी. फिरकी फिरवली की उजेड कमीजास्त होतो. रेघेवर उभं राहायचं आणि कॅलेंडर वाचायचं. मोठी तारीख नव्हे, ती कोणीही वाचतं. खालची बारीक तिथी वाचता आली पाहिजे. तिथी लागली की फिरकी थांबवायची, आणि तेवढंच माप बत्तीच्या पोटात कायमचं डाग देऊन बसवायचं.

कॅलेंडर मात्र मुद्दाम जुनं. चालू सालाचं लावलं तर माणूस डोळ्याने नाही, आठवणीने वाचतो, असं अजीजचं म्हणणं. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पण तिथी मला वाचता येते. चतुर्थी आणि एकादशी मला दुसऱ्या कोणाला विचारायची नव्हती, म्हणून शिकले.

आत गेलो. त्याने पडदा ओढला, घोडीवर बत्ती बसवली आणि रेघेवर उभा राहिला. मी त्याच्या मागे, एखाद हात लांबच.

फिरकी फिरू लागली. आधी भिंतीवर राखेसारखा उजेड पडला. मग तारखांचे आकडे वर आले. मग त्यांच्या खालची मुंगीसारखी अक्षरं. पंधरा तारखेखाली षष्ठी होती. मी मनात वाचली आणि तो थांबायची वाट बघितली.

तो थांबला नाही.

मला वाटलं, खेळतोय माझ्याशी. फिरकी फिरतच होती. भिंत पांढरी झाली, चुन्याचे पोपडे दिसायला लागले, खिळ्यावरचा गंज दिसला, कोपऱ्यातला कोळी पळाला. माझे डोळे बारीक झाले. तेव्हा कुठे अजीज म्हणाला, "पंधरा तारीख, षष्ठी. बघा! माप तेच हाय का न्हाई?"

मी पुढे गेले आणि कॅलेंडरचं पान उलटलं. परत येता येता फिरकी खाली आणली, जिथे मला वाचता आलं होतं तिथे.

"आता वाच. एकोनीस."

"एकोनीस..." त्याने मान पुढे काढली, मग जराशी तिरपी केली, कोंबडा बघतो तशी. "तारीख दिसतीय. तिथी... जरा वाढवा, अक्का. सेल उतरला वाटतं."

सेल उतरला नव्हता. एकोणीसखाली दशमी होती, आणि ती मला त्याच्या पाठीमागून दिसत होती.

माझी जीभ कशी आहे हे गावाला विचारा. जावा, दीर, सरपंच, कोणाला सोडलं नाही. पण त्या खोलीत मी शब्द निवडत बसले, तांदळातले खडे निवडावे तसे. ज्या माणसाने आमच्या मालकांना अंधारात बघायला दिलं, त्याला काय सांगायचं?

शेवटी मी म्हटलं, "अजीज, तुझं माप बरोबर हाय. पन ह्या बत्त्या कुनाच्या कपाळाला जानार? माझ्या मानसांच्या. मग त्यांच्या डोळ्याचं माप लाव. आज रेघेवर मी उभी राहाते. तू सर."

तो सरला नाही.

"तुमाला हितून दिसतंय?"

"दिसतंय."

"कवापासून?"

"फिरकी निम्म्यावर होती तवापासून."

त्याने बत्ती बंद केली. पडद्याच्या फटीतून थोडा उजेड येत होता, तेवढ्यात तो स्टुलावर बसला. बसताना आधी हाताने स्टूल शोधलं. हे मी आजवर कसं बघितलं नव्हतं?

दुकानाच्या मागेच त्यांचं घर. रहेमतबी, त्याची बायको, चहा घेऊन आली. दाराशीच थांबली. आम्हा दोघांची तोंडं बघूनच ती काय ते समजली.

"बरं झालं, अक्का," ती म्हणाली. "मी सांगून सांगून थकले. सांजच्याला भिताडाला हात लावून चालतात. तारांचे रंग मी निवडून देते घरात. तांबडी ह्या डब्यात, काळी त्या डब्यात. दवाखान्याचं नाव काढलं का भांडायला उठतात."

"जाऊन काय करू?" अजीज एकदम म्हणाला. "डॉक्टर म्हनला, काम बंद कर, मंग? मला दुसरं काय येतं? बाप उजेड भाड्यानं द्यायचा, मी उजेड नीट करून देतो. खानदानात तिसरी गोष्ट कुनाला येत न्हाई. लोकं म्हनतील, आंधळा बत्त्या इकतोय."

"लोकांच्या तोंडाचं मी बघते," मी म्हटलं. "माझ्या तोंडाएवढं तोंड हाय का कुनाचं?"

रहेमतबी हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. अजीज हसला नाही.

"ऐक," मी म्हटलं. "मी ह्या बत्त्या उचलीन, पन एका बोलीवर. सोमवारी आंबाजोगाईला जायचं, मोठ्या दवाखान्यात. रहेमतबी संगं येईल. न्हाईतर ह्या सोळा बत्त्या हितंच ठिव, आन युवराजला मी डबापॅक घेऊ देते. पाच हजारवाल्या."

"अक्का, ही जबरदस्ती झाली."

"हाय तर मग."

त्याने चहाची बशी भरली, गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली, आणि एका घोटात संपवली. "चला," तो म्हणाला. "आधी काम."

त्या दुपारी सोळा बत्त्या पोटातून उघडल्या. मी तांबड्या रेघेवर उभी राहून तिथ्या वाचत होते, अजीज फिरकी फिरवत होता. रहेमतबी बारीक सुटे भाग त्याच्या तळहातावर ठेवत होती. डाग मात्र तोच देत होता. सळईचं टोक नाकाशी आणून, पण हात जराही हलत नव्हता.

"अक्का, पाय रेघेच्या म्होरं गेलाय तुमचा."

"तुला कसं दिसलं रे?"

"आवाजावरनं कळतंय. जोडवी वाजली."

उजेड रुंद पडावा म्हणून काचेमागे दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा कापून घालायचा, ही त्याची जुनी युक्ती. राखणदाराला लांबवर टोचणारं उजेडाचं बोट लागतं, ऊसतोड्याला पायापाशी पसरलेली चादर. एकाच दिव्यातून दोन्ही मागणारं गिऱ्हाईक आलं की अजीज त्याला दोन बत्त्या घ्यायला सांगतो. हे सगळं तो मला पुन्हा समजावत होता, आणि मला सगळं ठाऊक असूनही मी हूं हूं करत होते. समजावताना त्याचा आवाज पूर्वीसारखा होत होता.

दहावी बत्ती झाली आणि तो मध्येच उठला.

"थांबा. हिला हात लावू नका. तुमच्या डोळ्याला बरोबर हाय न ही?"

"हाय."

घोडीवर बत्ती तशीच ठेवून तो तांबड्या रेघेवर उभा राहिला, बत्तीच्या जरा बाजूला. उजेडात सावली पडू नये इतका. मग एक पाऊल पुढे. थांबला. आणखी अर्धं. मान तिरपी केली. आणखी एक.

"सतरा," तो म्हणाला. "सतरा तारीख... अष्टमी."

"बरोबर."

"रहेमत, दाराला लावलेला निळा रंग उरलाय का?"

तो डबा आणि एक झिजलेला ब्रश घेऊन ती आली. अजीज होता तिथेच उकिडवा बसला आणि आपल्या पायाच्या अंगठ्यांपुढे निळी रेघ ओढली. जराशी वाकडी आली. मी वितीने मोजलं. भिंतीपासून पाच हात.

"आता तुमी नसला तरी चालंल," तो म्हणाला. "माझे आठ हात आता हितं हाईत."

उरलेल्या सहा बत्त्या त्याने निळ्या रेघेवरून स्वतः लावल्या, रहेमतबीला फिरकीवर बसवून. मी तांबडीवरून तपासल्या. एकही चुकली नाही.

निघायच्या आधी मी नाक्यावर गेले. त्रिंबक मोबाईलच्या दुकानात डब्यावरचे आकडे वाचत उभा होता.

"त्रिंबक," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बत्तीत खोट न्हवती. चार्जिंगची पिनच मी नीट बसवली न्हवती. माझीच चूक."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू बैलच बोलला. सरस्वतीबाई चुकली, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

"पन अक्का, माझ्या बॅटरीला तर पिनच न्हाई. सेलची हाय."

"मग सेल उलटे घातले असशील. चल, अजीज बघतोय. तुझ्यासाठी थांबलाय तो."

तो आला. घरी जाताना मी मनात हिशोब केला, की ही एक चूक गाव मला दहा वर्षं ऐकवणार. ऐकवू दे.

घरी एक बत्ती कोठीघरात लावली. सकाळच्या नवाच्या एसटीला. संध्याकाळी गुरं परत आली तरी ती जळत होती. उजेड बेताचा, पण धान्याच्या पोत्यावरची शिलाई दिसत होती. युवराज येऊन बघून गेला आणि बाकीच्या पंधरा त्याने स्वतःच टोळीच्या सामानात बांधल्या. ती त्याची कबुली.

टोळी गेली. तिसऱ्या दिवशी फोन आला. आधी मंगल होती. "आत्याबाई, अजून चार्जिंगला दिल्या न्हाईत बगा. बाकीच्या टोळ्यांतल्या बाया आमच्या उजेडाला येऊन बसायल्यात." मग मागून युवराज ओरडला, "माय, अजीजमामूला सांग, म्होरल्या साली आनखी चोवीस लागतील."

मी सांगायला फोन लावला तर तो रहेमतबीने उचलला. सोमवारच्या तपासण्यांचा निकाल घेऊन ती दोघं आंबाजोगाईहून आली होती. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, ती म्हणाली. हा काचबिंदू. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी राखायचं. सकाळ-संध्याकाळ थेंब, एक दिवस चुकवायचा नाही. काम बंद कर असं डॉक्टर म्हणाला नव्हता. त्याने विचारलं होतं म्हणे, काम काय करता? अजीजने बत्तीचं आणि रेघेचं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मग तुमची तपासणी तुमच्याच दुकानात होईल. रेघ पुढे सरकली की लगेच या.

"थेंब घालू देतो का?" मी विचारलं.

"घालू देतात. पन घड्याळ लावून तुमचं नाव घेतात. म्हनतात, अक्कानं टांगलं मला."

"घेऊ दे."

हिवाळा गेला. मधून मधून बाजाराला गेले, पण दुकानात शिरले नाही. माणसाने रोज रोज जखम बघायला जाऊ नये. पाडव्याच्या आधी टोळी परत आली. सोळा माणसं, बत्त्या पंधरा. एक त्रिंबकच्या भाच्याने पाटात पाडली होती. पट्ट्या चिकाने काळ्या पडल्या होत्या, काचांवर चरे होते. सगळ्या पिशवीत भरून मी दुकानात गेले.

ह्या वेळी ओतल्या नाहीत. पिशवी अलगद टेबलावर ठेवली.

"या, अक्का," अजीज मान वर न करता म्हणाला. "जोडवी वाजली तवाच वळखलं."

"चहा सांग आधी," मी म्हटलं आणि त्याचं तोंड न बघता सरळ मागच्या खोलीत गेले. पडदा सारला. खाली बघितलं.

तांबडी रेघ. पुढे तीन हातांवर निळी, जराशी वाकडी, पायांनी घासून फिकट झालेली.

तिच्यापुढे भिंतीपर्यंत नुसती शहाबादी फरशी. मी वाकून हातानेसुद्धा बघितलं. ओला, वाळलेला, पुसलेला, कुठलाच रंग नाही.

"काय हुडकायलात?" अजीज दारातून म्हणाला.

"कोळी बघते. मागल्या खेपेला पळाला होता."

तो हसला. आत आला, माझ्या पिशवीतली एक बत्ती घोडीवर बसवली. कॅलेंडरचं पान त्याने चाचपून उलटलं, कुठलं आलं ते न बघता. फिरकी त्याने माझ्या हातात दिली आणि स्वतः निळ्या रेघेवर जाऊन उभा राहिला. मी तांबडीवर.

"हळू फिरवा," तो म्हणाला. "आन सांगू नका."

मी हळू फिरवली. राखेसारखा उजेड, मग आकडे, मग मुंग्या.

"सात तारीख," आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "त्रयोदशी."